कुहीच्या तारेवरचा हात

तारघरात ‘हात’ या शब्दाला एक नेमका अर्थ होता. तार पाठवणारा माणूस पितळी कळ दाबून ज्या लयीत ठिपके आणि रेघा वाजवतो, ती लय म्हणजे त्याचा हात. कोणाची रेघ लांबट, कोणाचा ठिपका चोरटा, कोणी दोन अक्षरांच्या मध्ये दम खाणारा. ज्याचे तोंड उभ्या जन्मात पाहिले नाही, असा पंचवीस मैलांवरचा माणूस पहिल्या दोन अक्षरांत ओळखू येई. ‘हस्ताक्षर’ हा प्रतिशब्द मी काही दिवस वापरून पाहिला. पण हस्ताक्षर कागदावर राहते. हात ऐकायचा असतो आणि ऐकता ऐकता संपतो. तेव्हा तो प्रतिशब्द मी मागे घेतला.

हा खुलासा आज करण्याचे कारण असे की, आम्हा निवृत्त तारवाल्यांचा मोबाइलवर एक गट आहे. भांड्याला राप चढावा तसे त्याच्यावर किस्से चढतात. एकाने सांगितलेला दुसरा पुढे ढकलतो, तिसरा त्यात आपल्या पदरचे घालतो आणि चौथा तोच किस्सा पहिल्याला परत पाठवून विचारतो, “हे वाचले का?” गेल्या महिन्यात एक किस्सा मला माझाच आला. त्यात ‘नागपूरचे पंडितजी’ म्हणून जे गृहस्थ आहेत, तो मी. पाठवणारा त्या काळी तारखात्यात लागलाही नव्हता. खाली जोडलेल्या हातांची चित्रे सहा.

त्या किश्श्यात दुरुस्ती हवी आहे. पण आधीच्या चार गोष्टी सांगितल्याशिवाय ती दुरुस्ती कोणाला कळायची नाही.

\*

मी नागपूरच्या तारघरात लागलो ते साठच्या दशकाच्या आरंभी. वडिलांनी पाठशाळेत घालून संस्कृत पढवले होते, त्यामुळे आल्या आल्या सहकाऱ्यांनी माझे नाव ‘पंडितजी’ ठेवले. माझ्याकडे जी तार आली ती नागपूरहून निघून कुही, मांढळ, उमरेड आणि भिवापूर अशा चार टपालकचेऱ्यांतून जाई. तार एकच, म्हणून कोणीही कळ दाबली की पाचही ठिकाणी एकदम कडकट्ट सुरू होई. आवाज मोठा यावा म्हणून आम्ही यंत्राच्या पाठीशी तंबाखूचा रिकामा डबा लावून ठेवत असू.

सायंकाळी सहाला सरकारी काम ओसरले की या तारेवर गप्पा सुरू होत. नियमाने बंदी होती आणि रिवाजाने मुभा. या गप्पांत माणसांना नावे नव्हती. उमरेडचा माणूस म्हणजे उमरेड, मांढळचा म्हणजे मांढळ. खासगी असे काहीच नव्हते. एकाला बोललेले चौघांना ऐकू जाई.

भिवापूरची मुलगी लग्नाची होती. त्याने एके दिवशी नागपूरला, म्हणजे मला, मोठ्या संकोचाने विचारले की, मांढळच्या शाळेतल्या अमुक मास्तराचे स्थळ आले आहे. मुलगा पितो का, याची गुपचूप चौकशी कराल काय?

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात मध्येच मांढळची कळ वाजली, “चौकशी कशाला? माझ्यासोबतच पितो!”

\*

माझ्या शेजारच्या टेबलावर देवतळे बसत. हात ओळखण्यात त्यांच्या तोडीचा माणूस मी पाहिला नाही. एकदा उमरेडची तार घेता घेता ते थांबले आणि म्हणाले, “उमरेडचं घरी भांडण झालं गा.”

या उमरेडचा हात साऱ्या तारेवर वाईट. खडीवरून बैलगाडी जावी तसा तो वाजे. आम्ही त्याची यथेच्छ चेष्टा करीत असू. अशा हातातून भांडण वेगळे काढणार कसे? मी पैज लावली. देवतळ्यांनी कळ दाबून सरळ विचारले. मग उमरेडने विचारले, “तुले कोणं सांगितलं?”

“तुझ्या रेघेनं,” देवतळ्यांनी वाजवले. “ते आज दार आपटून राहिली.”

\*

हॉलच्या दुसऱ्या टोकाला टेलिप्रिंटर होते. मोठ्या शहरांच्या तारा त्यांवर चालत. तिथे टंकलेखनासारखी अक्षरे बडवायची आणि पलीकडे छापील मजकूर उमटायचा. हात नाहीच. साऱ्या जगाचा हात एक.

तिथल्या तिवारींची जबलपूरच्या एका बाईंशी यंत्रावर ओळख झाली. बाई विनोदी होत्या, शायरी जाणत होत्या आणि तिवारींना ‘आप’ म्हणत. आठ महिने हे चालले. मग तिवारींनी रजा काढली, डोक्याला तेल लावले आणि संत्र्यांची करंडी घेऊन जबलपूर गाठले. तिथे त्या जागेवर निवृत्तीला टेकलेले, दमेकरी, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बसलेले. तिवारी करंडी उचलून मागे वळले. गृहस्थ पाठीमागून म्हणाले, “संतरे तो देते जाइए!”

तिवारी परत आले त्या दिवशी मी आमच्या टेबलावर ताठ मानेने सांगितले की, हे यंत्राचे दोष आहेत. कळीवर कोणी कोणाला फसवू शकत नाही, हात माणसाचे सगळे सांगतो. हे वाक्य माझ्याच आवाजात मला अजून ऐकू येते.

\*

कुहीचा हात मात्र त्या तारेवर राजा होता. दोन अक्षरांची त्याची खूण होती, ‘बीजी’. ठिपका मोत्यासारखा, रेघ हवी तेवढीच, आणि शब्द संपला की मधले अंतर इतके नेमके की ऐकणाऱ्याला वाक्य डोळ्यांसमोर दिसावे. इतर सगळे रोमन अक्षरांत मराठी वाजवत आणि ऱ्हस्वदीर्घाची वाट लावत. देवनागरी तारलिपी आम्हा दोघांनाच अवगत होती. आमचे बोलणे तिच्यात चाले. कोणत्या तत्सम शब्दाला चांगला देशी शब्द आहे, यावर त्याने माझ्याशी कितीतरी सायंकाळी वाद घातला आणि निम्म्या वेळा मला हरवले. इतरांना आमची तार कळत नसे. ते तंबाखू मळत ताल ऐकत बसत.

एकदा कुहीच्या एका म्हाताऱ्याने हिंगण्याच्या कारखान्यात असलेल्या मुलाला तार केली: “धान कापणीला आले. आठवण येते. ये.” त्या काळी अशा तारेवर कोणी रजा देत नसे, म्हणून आम्ही तारवालेच दयेपोटी सुचवत असू की, ‘वडील अत्यवस्थ’ घाला. सर्व देशभर अशी धडधाकट माणसे अत्यवस्थ होती. मी बीजीला तेच सुचवले.

त्याने उत्तर दिले, “शब्द त्यांचे आहेत. माझा फक्त हात.”

तार तशीच गेली. मुलाला रजा मिळाली नाही. चौथ्या दिवशी बीजीने त्याच मुलाला दुसरी तार पाठवली: “बाप अत्यवस्थ.” मी विजयाने विचारले, “आता काय झाले?”

“म्हातारे स्वतः आले आणि म्हणाले, आता खोटी पाठवा,” त्याने वाजवले. “शब्द त्यांचेच.”

बीजी कोण, कुठला, हे आम्हाला ठाऊक नव्हते. कुहीची कचेरी टपालाकडे, आम्ही तारेकडे, हजेरीपट वेगळे. माझा निर्णय मात्र कधीच झाला होता. असा हात, असे संस्कृत, असे मराठी. हा माणूस माझ्यासारख्याच घरातला, पिढीजात विद्येत वाढलेला. मी त्याचे नावही मनाशी लावून टाकले होते, ‘बाळकृष्ण गणेश’. दर दसऱ्याला तो नागपूरला येतो, पण तारघरात डोकावत नाही, हे त्यानेच एकदा सांगितले होते. आप्तेष्टांना सोने द्यायला येत असेल, असे मी देवतळ्यांना समजावले. देवतळ्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि डबा सारखा केला.

दसऱ्याला नागपुरात लाखो माणसे कुठे जातात आणि काय घेऊन परततात, हे नागपुरात जन्मलेल्या मला कोणी सांगावे लागत नव्हते. माझ्या ते मनातच आले नाही.

\*

त्या उन्हाळ्यात बीजीची मुलगी मॅट्रिकला पहिल्या वर्गात आली. नागपूरच्या कॉलेजात विज्ञानाला जागा मिळाली, वसतिगृहात मिळाली नाही. कॉलेजची अट अशी की, सोमवारपर्यंत शहरातला राहण्याचा पत्ता आणि स्थानिक पालकाची सही द्यावी, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. शुक्रवारी सायंकाळी सहाला बीजीने हे सगळ्यांना कळावे म्हणून मुद्दाम रोमन अक्षरांत वाजवले. इतक्या वर्षांत त्याने तारेवर काही मागितल्याचे मला आठवत नाही.

माझ्या घरी बहिणीच्या लग्नानंतर मागची खोली रिकामी होती. मी क्षणाचा विचार केला नाही. मीही रोमनमध्येच वाजवले, “शोध थांबवा. खोली माझ्या घरी आहे. मुलगी माझी समजा.”

पाच कचेऱ्यांनी ते ऐकले. मांढळने जयजयकार वाजवला. भिवापूरने लांबच लांब रेघ ओढली. मला स्वतःचे फार कौतुक वाटले, हेही इथे लिहून ठेवतो.

शनिवारी दुपारी तारघराच्या चौकटीवर कोणी तरी बोटाच्या पेराने दोन अक्षरे वाजवली. देवतळे खुर्चीतून उठलेच. “बीजी!” चाळिशीचा, पांढऱ्या सदऱ्यातला, सावळा माणूस दारात हसत उभा होता. मागे दोन वेण्यांची मुलगी, पायाशी पत्र्याची ट्रंक आणि वळकटी. तिवारी हॉलच्या टोकाहून धावत आले. देवतळ्यांनी चहा सांगितला. मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि किती वेळ सोडला नाही.

मग त्याने कॉलेजचा फॉर्म माझ्या टेबलावर उलगडला. सहीची जागा रिकामी होती. मी पेनाचे टोपण काढले आणि वरचा रकाना भरायला म्हणून, अगदी प्रेमाने विचारले, “पूर्ण नाव सांगा. इतकी वर्षे झाली, आम्हाला दोनच अक्षरे माहीत.”

“भीमराव गजभिये,” तो म्हणाला. “मुलगी सुजाता.”

यंत्र मांढळची कुठलीशी तार वाजवत होते, ती कोणी घेतली नाही.

मी पेनाचे टोपण पुन्हा लावले. “झाले असे,” मी म्हणालो, “घरी जरा रंगकाम काढले आहे. काल लक्षात राहिले नाही. निदान महिनाभर तरी...”

त्याने माझ्याकडे पाहिले, मग टोपणाकडे. फॉर्मची घडी मुडपलेल्या जुन्या रेघांवरच नीट घातली. “रंग वाळायला वेळ लागतोच,” तो म्हणाला. नंतर मागे वळून मुलीला, अगदी हळू, “चल वं सुजाता. पत्ता चुकला.”

चहा आला तेव्हा ते जिना उतरत होते.

देवतळे आपल्या जागेवर बसून म्हणाले, “कोणता रंग देऊन राहिले, पंडितजी?”

“तुमच्याकडेही दोन खोल्या आहेत,” मी म्हणालो.

त्यांनी डबा सारखा केला. चहा आम्ही तिघांनी प्यायला, पाचही पेले. रात्री जेवताना आईने विचारले की, मुलगी आली का, तेव्हा मी सांगितले की तिला दुसरीकडे जागा मिळाली. आईला मी खरे विचारलेच नाही. ती काय म्हणाली असती, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

पण ते घरचे. सहाच्या ठोक्याला तारेवर काय झाले, ते आधी सांगायला हवे. बीजी बसने कुहीला परतला होता. उमरेडने त्याला हाक दिली आणि विचारले, “पोर पोहोचली का पंडितजीकडे?”

आम्ही तिघे यंत्रासमोर बसलो होतो. कुहीची कळ वाजली, “नाही. त्यांच्या घरी रंगकाम आहे.” एवढेच. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

मग खडीवरून बैलगाडी निघाली: “माझा साळा सक्करदऱ्यात राहते. त्याच्या घराले पाच वर्षांत रंग नाही. उद्या पाठव पोरीले.”

\*

सोमवारी सकाळी देवतळे कुहीच्या तारा घेत होते. पहिली तार संपल्यावर ते म्हणाले, “कुहीले नवा माणूस आला का गा?”

मी ऐकले. हात स्वच्छ होता, एकसारखा होता, आणि कोणाचाच नव्हता. टेलिप्रिंटरने कळ दाबावी तसा. मी खूण विचारली. उत्तर आले, “बीजी.”

मनगटाला काही लागले असेल, असे मला वाटले. विचारावे की नाही, या विचारात असतानाच उमरेडने कुहीला हाक दिली आणि कुहीने त्याला उत्तर दिले. मोत्याचे ठिपके. हवी तेवढीच रेघ. तोच हात.

कसलेला तारवाला दोन्ही हातांनी कळ चालवू शकतो. मनगट भरून आले की आलटून पालटून चालवतो. डाव्या हाताला मात्र स्वतःची लय नसते. बीजी नागपूरची तार डाव्या हाताने पाठवत होता आणि उरलेल्या सगळ्यांची उजव्या. तार एकच असल्यामुळे तो उजवा हात आम्हाला रोज ऐकू येई. तो आमच्यासाठी नसे.

तक्रार करणार कसली? तारेत चूक एकही नव्हती. सायंकाळी देवनागरीत मी पुष्कळदा हाक दिली. “कुहीकडे काम नाही,” असे रोमनमध्ये उत्तर येई, डाव्या हाताने.

\*

प्रत्येक तारेच्या शिरोभागी मजकुरातल्या शब्दांची संख्या पाठवावी लागे. घेणारा शब्द मोजी. जुळले नाहीत तर तिथेच अडवी. पुष्कळजण कानाडोळा करीत. बीजीने तो कधीच केला नाही.

तीन वर्षांनी एका दुपारी खालच्या खिडकीवरून एक फॉर्म माझ्याकडे आला. अक्षर मुलीचे, टपोरे: “प्रथम वर्गात उत्तीर्ण. सुजाता.” चार शब्द. ही तार कुहीला पाठवण्याची पाळी माझी होती.

मी शिरोभागी चार हा आकडा वाजवला. चार शब्द वाजवले. आणि मग, नियम ठाऊक असून, देवनागरीत एक शब्द आपला घातला, “अभिनंदन.”

कुहीची कळ ताबडतोब वाजली, “शीर्षात चार. आले पाच. तपासा.”

देवतळे तंबाखू मळायचे थांबले. मी पुन्हा पाठवली, चारच शब्द.

“ठीक,” डाव्या हाताने उत्तर आले. “चार.”

\*

ऐंशीच्या दशकात त्या चारही गावांना टेलिफोन पोचला, आणि ती तार बंद करण्याचा हुकूम निघाला. गटावर फिरणारा किस्सा नेमका या शेवटच्या सायंकाळचा आहे. तो असा: नागपूरचे पंडितजी आणि कुहीचे बीजी यांचा तारेवर मोठा स्नेह होता, मध्यंतरी काही गैरसमजामुळे बीजींनी बारा वर्षे त्यांच्यासाठी उजवा हात वापरला नाही, पण शेवटच्या दिवशी सर्वांचा निरोप घेऊन झाल्यावर बीजींनी नागपूरला हाक दिली, उजव्या हाताने तीन छोटी वाक्ये वाजवली, आणि पंडितजींनी कळीवर मस्तक टेकले. खाली लिहिले आहे, ‘अशी निर्मळ मने आता कुठे!’ त्याखाली ते जोडलेले हात.

त्या सायंकाळी आम्ही तिघेही यंत्रासमोर होतो. भिवापूरने मुलीला दोन मुले झाल्याचे सांगून निरोप घेतला. जावई अजून पितो, हे मांढळने सांगितले. कुही आणि उमरेड यांचे बोलणे बराच वेळ चालले. बैलगाडी आणि मोती, मोती आणि बैलगाडी. देवतळे डोळे मिटून ऐकत होते. मग कुहीने नागपूरला हाक दिली. मी कळीवर बोट ठेवले आणि वाट पाहिली.

“कुही बंद. शिल्लक काही नाही. बीजी.”

ही तीन वाक्ये किश्श्यात शब्दशः बरोबर दिली आहेत. कळीवर मस्तक मीही टेकले, तेही खरे. दोन ठिकाणी मात्र चूक आहे. गैरसमज कोणताही झाला नव्हता. सर्वांना सगळे नीट समजले होते. आणि त्या सायंकाळी उजव्या हाताने निरोप गेला तो उमरेडला. मला आला तो डाव्या हाताने.